मायकेलसनपासून सुरुवात केली आणि अख्खा गट अडकला: सापेक्षता शिकवतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आमचा ९ जणांचा छोटा अभ्यासगट होता, आठवड्यातून एकदा दोन तास बसायचो. परीक्षा नाही, मार्क नाहीत, विशिष्ट सापेक्षता सिद्धांत नीट समजून घ्यायचा एवढंच ठरलेलं. शिकवायची जबाबदारी माझ्याकडे. गटात कॉलेजची मुलं होती, दोन शिक्षक होते, आणि एक काका होते ज्यांनी आयुष्यभर मोटर वाइंडिंगचं काम केलंय. नावं कुणाचीच देत नाहीये, तशी गरजही नाही, पण काका आणि तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी, या दोघांच्या प्रश्नांमुळे हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

मी जशी शिकले तशीच सुरुवात केली. आधी ईथर, म्हणजे प्रकाशाच्या लाटा ज्यातून जातात असं १९व्या शतकात मानलं जायचं ते माध्यम. मग १८८७ चा मायकेलसन आणि मोर्ले यांचा प्रयोग, ज्यात एका मोठ्या दगडावर आरसे बसवून पृथ्वीचा ईथरमधला वेग पकडायचा होता आणि काहीच हाती लागलं नाही, मग "ईथर सापडला नाही", मग १९०५, आइन्स्टाइन, दोन गृहीतकं (एकसारख्या वेगानं चालणाऱ्या सगळ्यांना निसर्गाचे नियम सारखेच, आणि प्रकाशाचा वेगही सगळ्यांना सारखाच) आणि सूत्रं. बहुतेक पाठ्यपुस्तकांत हाच क्रम असतो आणि फळ्यावर तो दिसतोही छान, एकातून दुसरं निघाल्यासारखा.

अडचण

तीन बैठका झाल्या. गणितं सगळ्यांना येत होती, काळ लांबतो, लांबी आखडते, आकडे टाकले की उत्तर बरोबर. पण चेहऱ्यावर कुणाच्या आश्चर्य नव्हतं, अस्वस्थता नव्हती, आणि मला तेच खटकत होतं, कारण ज्या गोष्टीनं लॉरेंझसारख्या मोठ्या डच भौतिकशास्त्रज्ञाला वर्षानुवर्षं छळलं ती गोष्ट तीन आठवड्यांत इतकी गुळगुळीत कशी काय होते?

तिसऱ्या बैठकीच्या शेवटी ती मुलगी म्हणाली, "ताई, प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच दिसतो हे तुम्ही मान्य करायला सांगितलंत, मी केलं. पण असं काहीतरी मान्य करायची वेळ त्या लोकांवर का आली, ते मला अजून कळलेलं नाही."

मी उत्तर द्यायच्या आतच काका बोलले. त्यांचा मुद्दा जवळपास त्यांच्याच शब्दांत देते, "समजा प्रकाश बंदुकीच्या गोळीसारखा आहे. दिवा ज्या वेगानं चाललाय तो वेग प्रकाशाला मिळतोच. मग त्या प्रयोगात दिवा, आरसे, दगड सगळं एकत्रच चाललंय, निकाल शून्यच येणार ना? मग आइन्स्टाइन कशाला पाहिजे?"

इथं माझी चूक झाली. वेळ संपत आली होती, मी म्हटलं, "नाही काका, ते प्रयोगांनी खोटं ठरलंय," आणि वही मिटली. घरी जाऊन विचार केला तेव्हा कळलं की काका पूर्ण बरोबर होते. मायकेलसन-मोर्ले प्रयोग काकांच्या गोळीवाल्या प्रकाशाला अजिबात खोटं पाडत नाही, उलट दोघांचं एकदम जमतं. पृथ्वी ईथरला सोबत ओढत नेते असं मानलं तरी निकाल शून्य. चालत्या वस्तूंची लांबी आखडते असं मानलं तरी शून्य. म्हणजे ज्या एका प्रयोगावर मी सगळी इमारत उभी केली होती त्यातून किमान चार वाटा फुटत होत्या, आणि मी गटाला एकच दाखवली होती.

पर्याय काय होते

पुढच्या आठवड्यापर्यंत मी चार गोष्टींवर विचार केला.

पहिला पर्याय सरळ होता, तसंच पुढे जायचं. गृहीतकं ती गृहीतकं, त्यातून काय निघतं ते बघा, कारण सिद्धांताचा खरा पुरावा त्याच्या निकालांत असतो. यात वेळ वाचला असता. पण मुलीचा प्रश्न तसाच राहिला असता, आणि "मान्य करा" हे शब्द विज्ञान शिकवताना मला वापरायचे नव्हते.

दुसरा, सनावळीप्रमाणे इतिहास. १६७६ मध्ये रोमरनं गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांना होणाऱ्या उशिरावरून प्रकाशाला वेग आहे हे दाखवलं, तिथपासून ओळीनं खाली यायचं. मला हे आवडलं असतं, पण इतिहासात माणसं भरपूर येतात आणि प्रश्न हरवतो. १० बैठका त्यातच गेल्या असत्या.

तिसरा म्हणजे इतिहास पूर्ण बाजूला ठेवून मिंकोव्स्कीची १९०८ ची भूमिती, अवकाश आणि काळ मिळून चार मितींचं एकच चित्र. शिक्षकांपैकी एकांना हेच हवं होतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, चित्र खरंच स्वच्छ आहे. पण ते उत्तराचं चित्र आहे, आणि गटाकडे अजून प्रश्नच नव्हता.

चौथा म्हणजे सापेक्षतेच्या आधीचं भांडण गटापुढे मांडायचं. दोन गोष्टी, दोन्हीवर पूर्ण विश्वास, आणि दोन्ही एकमेकींशी जमत नाहीत. मग गटानंच सुटकेच्या वाटा शोधायच्या, प्रत्येक वाट प्रयोगांसमोर उभी करायची, आणि काकांची गोळी त्यात बरोबरीनं उभी राहणार.

मी चौथा निवडला. चौथ्या बैठकीच्या सुरुवातीला काकांना सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या वेळी तुमचं बरोबर होतं आणि मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. त्यानंतर गटात प्रश्न विचारायचं प्रमाण एकदम वाढलं. या प्रकरणातली सगळ्यात परिणामकारक कृती बहुतेक हीच ठरली.

काय केलं: जहाज आणि एक आकडा

चौथी बैठक गॅलिलिओच्या जहाजावर. १६३२ च्या ग्रंथात त्यानं लिहिलंय की मोठ्या जहाजाच्या पोटात, बंद खोलीत जा, सोबत फुलपाखरं न्या, भांड्यात मासे न्या, वर एक बाटली टांगा जिच्यातून थेंब थेंब पाणी खालच्या भांड्यात पडेल. जहाज उभं असताना नीट बघा. मग ते एकसारख्या वेगानं, न हेलकावता चालू द्या आणि पुन्हा बघा. थेंब त्याच भांड्यात पडतो, फुलपाखरं मागच्या भिंतीला जाऊन चिकटत नाहीत. आतल्या कुठल्याच गोष्टीवरून जहाज चाललंय की उभं आहे ते सांगता येत नाही. हे तत्त्व न्यूटनच्या यंत्रशास्त्रात जसंच्या तसं बसतं. सापेक्षता हा शब्द आइन्स्टाइनशी जोडला गेलाय खरा, पण मूळ कल्पना ही आहे, आणि ती त्याच्या जवळपास पावणेतीनशे वर्षं आधीची आहे.

पाचव्या बैठकीत मॅक्सवेल, म्हणजे वीज आणि चुंबकत्व यांना एकत्र समीकरणांत बांधणारा शास्त्रज्ञ. इथं मी सूत्रं कमी आणि गोष्ट जास्त सांगितली. १८५६ मध्ये वेबर आणि कोलराउश यांनी विद्युतभार मोजण्याच्या दोन पद्धतींचं गुणोत्तर काढलं, एक स्थिर विजेवरून आणि दुसरी प्रवाहाच्या चुंबकीय परिणामावरून. या मोजणीत प्रकाशाचा कुठेच संबंध नाही. मॅक्सवेलनं आपल्या समीकरणांतून विद्युतचुंबकीय लाटेचा वेग काढला तो याच आकड्यावरून, आणि आला सेकंदाला सुमारे ३,१०,००० किलोमीटर. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझोनं १८४९ मध्ये दातेरी चाक फिरवून प्रकाशाचा वेग मोजला होता, त्यात आणि यात फरक एक-दीड टक्क्याच्या आतला. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लाट आहे, हा निष्कर्ष तिथून आला.

मग मी फळ्यावर तो आकडा लिहिला आणि विचारलं, हा वेग कुणाच्या सापेक्ष? गाडीचा वेग रस्त्याच्या सापेक्ष, आवाजाचा हवेच्या. मॅक्सवेलच्या समीकरणांत तर "कुणाच्या सापेक्ष" हे लिहिलेलंच नाही, नुसता आकडा येतो. ती मुलगी लगेच म्हणाली, "मग जहाजात प्रकाशाचा वेग मोजला तर जहाज चाललंय की नाही ते कळायला पाहिजे." बस, हीच ती जागा. गॅलिलिओ म्हणतो आतून काहीच कळणार नाही, मॅक्सवेल म्हणतो वेग ठरलेला आहे, आणि साधी वेगांची बेरीज म्हणते की दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. ईथर ही यातून काढलेली तडजोड होती, की हा वेग ईथरच्या सापेक्ष आहे, आणि गॅलिलिओचं तत्त्व प्रकाशाला लागू नाही.

काय केलं: काकांची कॉइल

सहावी बैठक मूळ आराखड्यात नव्हतीच. आइन्स्टाइनचा जून १९०५ चा निबंध ज्या मुद्द्यानं सुरू होतो तो मी बोलता बोलता सांगितला, की चुंबक हलवा किंवा तारेची कॉइल हलवा, प्रवाह तोच येतो. काका म्हणाले मी कॉइल करून आणतो.

त्यांनी इनॅमल वायरचे ५०० वेढे एका पुठ्ठ्याच्या नळीवर इतके नेटके घातले होते की वेढ्यांत कुठे फट नव्हती. दोन्ही टोकांचं इनॅमल ब्लेडनं खरवडून तांबं उघडं केलेलं, आणि मध्यावर शून्य असलेला गॅल्व्हानोमीटर, म्हणजे बारीकसा प्रवाह काट्यानं दाखवणारं यंत्र. पहिल्या प्रयत्नात गोंधळ झाला, कॉइल हलवली की जोडणीच्या तारा पण हलायच्या, कॉन्टॅक्ट सैल व्हायचा आणि काटा उगाच उड्या मारायचा. काकांनी शांतपणे टोकं सोल्डर केली, लवचीक लांब वायर लावली, मग जमलं.

मग त्यांनी मधे पुठ्ठा उभा केला. पलीकडे ते, अलीकडे आम्ही, आम्हाला फक्त काटा दिसणार. ते कधी चुंबक कॉइलमध्ये ढकलत होते तर कधी चुंबक धरून कॉइल त्याच्यावर सरकवत होते, वेग शक्य तितका सारखा ठेवून. आम्ही ओळखायचं, काय हललं? काटा उजवीकडे जायचा, परत यायचा, आणि कुणालाच ओळखता येत नव्हतं. १५-२० वेळा केलं. जोरात ढकललं की काटा जास्त जातो हे दिसत होतं, पण कुणी कुणाला ढकललं हे काट्यात नव्हतंच.

त्यानंतर मी त्या काळचं स्पष्टीकरण फळ्यावर मांडलं. चुंबक हलला तर भोवतीच्या जागेत विद्युतक्षेत्र तयार होतं आणि ते तारेतल्या विद्युतभारांना ढकलतं. कॉइल हलली तर असं कुठलंही विद्युतक्षेत्र नसतं, चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या भारांवर थेट बल लागतं. एकच काटा, तेवढाच सरकतो, आणि त्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी सांगायच्या, का तर ईथरच्या सापेक्ष खरं कोण हललं हे ठरवावं लागतं म्हणून. काका म्हणाले, "मी ३० वर्षं मोटरी भरल्या, मला कधी दोन कारणं लागली नाहीत."

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा खोलीत ती अस्वस्थता आली. बर्नच्या पेटंट ऑफिसातल्या २६ वर्षांच्या माणसाला नेमकं हेच खुपत होतं. त्याच्या निबंधात पृथ्वीचा ईथरमधला वेग शोधायच्या फसलेल्या प्रयत्नांचा उल्लेख एका वाक्यात येतो, मायकेलसनचं नावही नाही. सुरुवात कॉइल आणि चुंबकानं होते.

काय केलं: चार वाटा, तीन अडथळे

सातवी बैठक सगळ्यात लांब चालली, तीन तास. फळ्यावर चार वाटा लिहिल्या: स्थिर ईथर, पृथ्वीसोबत ओढला जाणारा ईथर, काकांचा गोळीवाला प्रकाश, आणि स्थिर ईथर अधिक आखडणारी लांबी. समोर तीन निरीक्षणं ठेवली.

पहिलं ताऱ्यांचं विपथन. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटरनं फिरते म्हणून दुर्बीण किंचित, सुमारे २० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), कलती धरावी लागते, पावसात चालताना छत्री पुढे धरावी तशी. ब्रॅडलीनं हे १७२०च्या दशकात पकडलं. ईथर पूर्णच ओढला जात असता तर पृथ्वीपाशी हा कल दिसायला नको, म्हणून दुसरी वाट इथंच अडचणीत येते.

दुसरं फिझोचं वाहतं पाणी, १८५१. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर, त्यातून प्रकाश सोडला तर पाणी प्रकाशाला किती पुढे नेतं? पूर्ण ७ नाही, शून्यही नाही, साधारण ०.४४ पट. फ्रेनेलनं हे आधीच, १८१८ मध्ये, ईथर अर्धवट ओढला जातो असं मानून भाकीत केलं होतं. गोळीवाला प्रकाश इथं अडखळतो, कारण पाणी स्वतः नवा स्रोत झालं तर सगळा वेग मिळायला हवा आणि नाही झालं तर काहीच नको, ०.४४ कुठून आणायचे?

तिसरं मायकेलसन-मोर्ले, आता त्याच्या योग्य जागी. पाऱ्यावर तरंगणारा मोठा चौकोनी दगड, त्यावर आरसे, प्रकाशाचा मार्ग वळवून वळवून प्रत्येक बाजूला सुमारे ११ मीटर. पृथ्वीचा वेग प्रकाशाच्या दहा हजाराव्या भागाइतका, त्याचा वर्ग म्हणजे दहा कोटीत एक, तरी दोन बाजूंचा प्रकाश एकत्र आल्यावर दिसणारे उजेड-अंधाराचे पट्टे दगड फिरवल्यावर ०.४ पट्टीइतके सरकायला हवे होते. जे सरकलं ते अपेक्षेच्या विसाव्या भागापेक्षाही कमी, म्हणजे पहिली वाट, नुसता स्थिर ईथर, इथं अडते. मायकेलसननं १८८१ मध्ये पॉट्सडॅमला एकट्यानं हाच प्रयोग केला होता, पण त्या हिशोबात चूक होती, आणि लॉरेंझनं ती दाखवल्यावर अपेक्षित सरकणं निम्म्यावर आलं, म्हणजे मोजणीत होऊ शकणाऱ्या चुकीइतकंच जवळपास. हे मी मुद्दाम सांगितलं, कारण तो प्रयोग एका झटक्यात झाला असं वाटू नये.

काकांची वाट लगेच मेली नाही. आइन्स्टाइननंही हा विचार बराच काळ केला आणि मग सोडला, कारण मग मॅक्सवेलची समीकरणं मोडीत काढावी लागतात. नंतर १९१३ मध्ये द सिटरनं जोडताऱ्यांवरून, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवरून, दाखवलं की आपल्याकडे येणाऱ्या ताऱ्याचा प्रकाश पळणाऱ्या ताऱ्याच्या प्रकाशाला मागे टाकत नाही, तसं असतं तर त्यांच्या कक्षा चमत्कारिक दिसल्या असत्या. काकांनी ते वहीत लिहून घेतलं, त्यांना हरल्याचं वाईट वाटलं नाही, ते म्हणाले, "हे उत्तर आहे, मागच्या वेळचं नव्हतं."

निर्णयाची अवघड जागा: लॉरेंझचं काय करायचं

माझा बेत लॉरेंझला १० मिनिटांत उरकायचा होता. पण गटातल्या बऱ्याच जणांना चौथी वाटच आवडली. फिट्झगेराल्डनं १८८९ मध्ये आणि लॉरेंझनं १८९२ मध्ये स्वतंत्रपणे लांबी आखडते असं सुचवलं. लॉरेंझनं १८९५ मध्ये "स्थानिक वेळ" आणली, त्याच्या दृष्टीनं हिशोब सोपा करायची युक्ती, खरी वेळ वेगळीच. प्वांकारेनं १९०० मध्ये दाखवलं की चालत्या माणसांनी प्रकाशाचे इशारे देऊन घड्याळं जुळवली तर त्यांना हीच स्थानिक वेळ मिळते. १९०४ पर्यंत सूत्रं जवळपास तीच होती जी आपण आज वापरतो. मग आइन्स्टाइननं वेगळं काय केलं?

मी ठरवलं की हा प्रश्न दाबायचा नाही, एक अख्खी बैठक द्यायची. दिली, आणि ते बरोबर ठरलं. वाद चांगलाच तापला, शेवटी त्या मुलीनं फरक मांडला, "लॉरेंझ म्हणतो घड्याळ खोटं बोलतं पण सगळे पुरावे लपतात, आइन्स्टाइन म्हणतो घड्याळ खोटं बोलतंय असं मानायचं कारणच काय." मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

शेवटची पायरी पुन्हा जहाजावर. खोलीच्या मध्यावर दिवा पेटवा, पुढच्या आणि मागच्या भिंतीवर प्रकाश एकाच वेळी पोचतो, असं आतला माणूस म्हणणार. किनाऱ्यावरच्या माणसालाही प्रकाशाचा वेग तोच दिसतो असं धरलं तर त्याला मागची भिंत प्रकाशाकडे येताना दिसते, पुढची पळताना, म्हणून मागच्या भिंतीवर आधी. दोघंही बरोबर. "एकाच वेळी" हा शब्दच बघणाऱ्यावर अवलंबून. मे १९०५ मध्ये मित्र मिकेले बेसोशी बोलता बोलता आइन्स्टाइनला कळलं की गाठ वेळेच्या कल्पनेत आहे, आणि पाचेक आठवड्यांत निबंध तयार. संदर्भांची यादी नाही, पण शेवटी बेसोचे आभार आहेत.

निष्पत्ती

२ जण मधेच गळाले, नवीन सुरुवात त्यांना वेळखाऊ वाटली. राहिलेल्यांना मी सापेक्षतेच्या नव्या नियमानं, ज्यात वेग सरळ एकमेकांत मिळवता येत नाहीत, फिझोचं पाणी सोडवायला दिलं. पाण्याचा अपवर्तनांक चार तृतीयांश धरा, म्हणजे पाण्यात प्रकाश तीन चतुर्थांश वेगानं. वेगांच्या बेरजेचा नवा नियम लावला की पाण्याच्या वेगाला गुणायचा आकडा येतो एक वजा नऊ सोळांश, म्हणजे सात सोळांश, म्हणजे ०.४४. सेकंदाला ७ मीटरमधले जेमतेम ३ मीटर प्रकाशाला मिळतात. ईथर नाही, ओढणं नाही, फ्रेनेलचा आकडा आपोआप. लाउएनं हे १९०७ मध्ये दाखवलं होतं, आमच्या गटात ते एका शिक्षकांनी वहीच्या मागच्या पानावर काढलं आणि मग मोठ्यानं वाचून दाखवलं. गृहीतक "मान्य करा" असं सांगायची गरज त्यानंतर पडली नाही.

एक जण शेवटपर्यंत लॉरेंझच्या बाजूनं राहिला. त्याची सूत्रं बरोबर आहेत, कारणं त्याला माहीत आहेत, मी त्याला वळवायचा प्रयत्न केला नाही. लॉरेंझ स्वतःही शेवटपर्यंत ईथरला धरूनच होता.

पुन्हा करायचं तर काय बदलीन

कॉइल पहिल्याच दिवशी. पुठ्ठा, काटा, ओळखा काय हललं, आणि मगच जहाज. तीन बैठका वाचतील आणि अस्वस्थता पहिल्या तासात येईल.

विपथनाला मी फार कमी वेळ दिला. छत्रीच्या उदाहरणावर भागवलं, पण दुर्बिणीच्या नळीचं चित्र काढून, प्रकाश वरून खाली येईपर्यंत नळी किती सरकते ते मोजून घ्यायला हवं होतं, दोघांना ते अजूनही नीट पटलेलं नाही.

आणि ज्या प्रश्नाचं उत्तर त्या क्षणी येत नाही तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचा, घाईत झटकायचा नाही. शेवटच्या बैठकीत त्या कोपऱ्यात काकांचाच प्रश्न होता. जहाज एकसारखं चाललं तर आत काही कळत नाही, ठीक. पण जहाज वळलं की भांड्यातलं पाणी एका बाजूला चढतं, दारं कितीही बंद करा. मग ते वळणं कुणाच्या सापेक्ष? हा न्यूटनच्या फिरत्या बादलीचाच प्रश्न आहे, विशिष्ट सापेक्षता त्याला हात लावत नाही, आणि आइन्स्टाइनला तिथून पुढे १९१५ पर्यंत झगडावं लागलं. पुढच्या सत्राची पहिली बैठक त्याच प्रश्नावर घेणार आहे, काकांनी फिरतं टेबल बनवायला घेतलंय.